पत्र्याखालचा श्वास

चैत्रातली दुपार निवडा. हिंगोली जिल्ह्यात या मननाला तीच वेळ बरी, कारण बाहेर जाऊन करण्यासारखं तेव्हा काही उरलेलं नसतं. जेवण झालेलं असावं, बाज ओसरीत ओढलेली असावी आणि वर सिमेंटचा पत्रा असावा. तुमचं घर स्लॅबचं असेल तर गोठ्यात या, शेतातल्या आखाड्यावर जा, नाहीतर हळदीची पोती ठेवायच्या शेडमध्ये जागा करा. या भागात सिमेंटचा पत्रा शोधायला लांब जावं लागत नाही. उताणं पडा. डोळे मिटायचे नाहीत. ध्यानाला बसवणारे आधी डोळे मिटायला सांगतात, इथे मात्र वर बघायचं आहे.

वर करड्या पन्हळी आहेत, एका भिंतीकडून दुसरीकडे उतरत गेलेल्या. खाली लोखंडी अँगल, अँगलला अडकवलेले जे-हुक, हुकाभोवती गंजाचा तांबूस ओघळ. मागच्या पावसाळ्यात गळत होतं तिथे डांबराचा ठिपका. नजर हळूहळू कडेला न्या, जिथे पत्रा भिंतीबाहेर निघतो. तिथला एखादा कोपरा फुटलेला असतोच. त्या फुटक्या कडेला बारीक पांढुरके धागे बाहेर आलेले दिसतील. हात लावू नका, नुसतं बघा. सिमेंटला धागे नसतात. हे धागे दगडाचे, ॲस्बेस्टॉसचे आहेत, आणि आजची दुपार त्यांच्याच सोबतीने घालवायची आहे.

आधी पत्रा कुठला ते ठरवून घेऊ. पावसाची एखादी रात्र आठवा. टिनाखाली पाऊस सुरू झाला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. सिमेंटच्या पत्र्याखाली बोलणं चालू राहतं. टीन गंजतं, हा गंजत नाही. मे महिन्यात टिनाखाली बसवत नाही, याच्याखाली निदान पडून राहता येतं. म्हणजे हा पत्रा उगाच घरोघर गेलेला नाही, त्याच्या अंगी गुण आहेत, आणि ते नाकारून पुढे जाण्यात अर्थ नाही. हल्ली ॲस्बेस्टॉस न घालता केलेले सिमेंटचे पत्रेही मिळतात, पण नुसतं बघून फरक कळत नाही. पत्रा जुना असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चालावं.

याच्याआधी इथे डोक्यावर काय होतं? बहुतेक जुन्या घरांना माळवद होतं. लाकडी तुळया, त्यावर किलच, आणि किलचावर हातभर जाडीची पांढरी माती. उन्हाळ्यात आत गारवा. पण मातीला दरवर्षी हात लावावा लागे, मृगाआधी डागडुजी करावी लागे, आणि तुळईजोगं लाकूड महाग होत गेलं. मग ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आली. किल्लारी आणि भोवतालच्या गावांत भूकंपाने दगडामातीच्या भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर आली, हजारो माणसं गेली. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका होती. किल्लारी इथून काही जवळ नाही, तरी त्या पहाटेनंतर जड छपराची भीती मराठवाड्यात मुक्कामाला आली ती गेली नाही.

हलक्या छपराची तऱ्हा वेगळी. ते वावटळीत उडतं, म्हणून लोक पत्र्यावर दगड ठेवतात. २१ मार्च २०२४ला सकाळी सहाच्या सुमारास कळमनुरी तालुक्याच्या बाजूला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, हिंगोलीसह नांदेड-परभणीतही घरं हादरली, आणि प्रशासनाला लोकांना सांगावं लागलं की आधी पत्र्यांवरचे दगड उतरवा. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात तर जमिनीच्या पोटातून येणारे आवाज लोकांच्या अंगवळणी पडले आहेत. जडाची भीती आणि हलक्याची भीती, या दोन्ही या जिल्ह्याला पाठ आहेत. त्या दिसतात, ऐकू येतात, माणसाला अंथरुणातून उठवून अंगणात आणतात. आपण ज्या धाग्याकडे बघतो आहोत तो कुणाला झोपेतून उठवत नाही.

आता लक्ष वरून खाली आणा. पाठीखाली बाज, बाजेखाली सारवलेली जमीन, तिच्याखाली काळी माती, आणि मातीखाली काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर पसरत गेला आणि थिजला, तो हा दगड. औंढ्याचं नागनाथाचं देऊळ याच काळ्या दगडाचं, आणि त्याच्या गाभाऱ्यात जायचं तर अरुंद वाटेने खाली उतरावं लागतं. या दगडात पत्र्यातलं ॲस्बेस्टॉस सापडत नाही. विहीर खणताना कधी खडकाच्या पोकळीत पांढऱ्या सुयांचे झुबके निघतात, पोरं ते घरी आणून फळीवर ठेवतात. ते झिओलाइट, दुसरं खनिज. पण एक गोष्ट इथे सांगायला हवी. तुर्कस्तानात कप्पाडोकिया भागातल्या काही खेड्यांत एरिओनाइट नावाचं तंतुमय झिओलाइट घरांच्या दगडांतच होतं, आणि तिथे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, मेसोथेलिओमा, घराघरांत शिरला. ॲस्बेस्टॉसचा एकही कारखाना नसताना. म्हणजे खनिजाचं नाव कुठलं याला तितकं महत्त्व नाही. धागा किती लांब, किती बारीक आणि अंगात किती टिकणारा, यावर सगळं ठरतं.

मग पत्र्यातला धागा आला कुठून? पृथ्वीच्या खोल पोटातला, मॅग्नेशियमने भरलेला खडक वर येतो, त्याच्या भेगांत पाणी मुरतं, आणि लाखो वर्षांत त्याचा हिरवट, गुळगुळीत सर्पेंटाइन होतो. त्यातच क्रायसोटाइल वाढतं, पांढरं ॲस्बेस्टॉस. त्याच्या अणूंची रचना पातळ पदरांची असते, दोन पदर एकमेकांना चिकटलेले: एक सिलिकाचा, एक मॅग्नेशियमचा. दोघांची मापं जुळत नाहीत, दुसरा जरा मोठा. उन्हात टाकलेल्या पापडाची एक बाजू आधी आकसते आणि पापड वळतो, तसा हा पदर वळतो, आणि वळता वळता नळी होतो. ती नळी म्हणजे धागा. एका नळीचा व्यास २०-३० नॅनोमीटर, केसाच्या जाडीत अशा दोन-तीन हजार नळ्या मावतील. औंढा तालुक्यात लायगो-इंडियाची गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे; तिच्या चार-चार किलोमीटरच्या बाहूंची लांबी अणूच्या गर्भाहूनही कितीतरी कमी फरकाने हलली तरी तिला कळणार आहे. त्याच तालुक्यात छपरातून सुटलेला धागा मोजणारं काही कुणाच्या घरी नाही. तुलना जरा ओढूनताणून आहे हे मान्य, पण सुचल्यावर टाळता आली नाही.

हा धागा उरल पर्वतातून येतो. रशियात ॲस्बेस्त नावाचंच शहर आहे, त्याच्या कुशीत काही किलोमीटर लांबीची उघडी खाण आहे. कझाकस्तानातून येतो, ब्राझीलमधूनही आला. आपल्याकडेही खाणी होत्या: राजस्थानात, आंध्रात पुलिवेंदुलाजवळ, झारखंडात चाईबासाजवळच्या रोरो डोंगरात. १९८६मध्ये केंद्र सरकारने नव्या खाणपट्ट्यांना मनाई केली. रोरोची खाण त्याआधीच बंद पडली होती, तिचे पांढरे ढिगारे डोंगरउतारावर तसेच राहिले. पण आयात थांबली नाही, आजही वर्षाला काही लाख टन ॲस्बेस्टॉस बंदरात उतरतं. स्वतःच्या जमिनीतून काढायला जी वस्तू धोक्याची, ती दुसऱ्याच्या जमिनीतून आणून स्वतःच्या छपरात घालायला बिनधोक कशी, हा हिशेब मला आजवर कुणी समजावून दिलेला नाही.

जरा थांबा. कुशीवर वळायचं तर वळा, पाणी प्या.

या धाग्याचं कौतुक दोन हजार वर्षं चाललं. अथेन्सच्या देवळात अथीनापुढे सोन्याचा दिवा होता, त्यात वर्षातून एकदा तेल घालत आणि त्याची वात कधी जळत नसे, असं पॉसेनियस या प्रवाशाने लिहून ठेवलं आहे. ती वात दगडी धाग्याची असावी असं जाणकार मानतात. न जळणारी वात! नंदादीप सांभाळणाऱ्या कुठल्याही पुजाऱ्याला ही गोष्ट सांगा, तो दगड कुठे मिळतो असंच विचारेल. पुढे वाफेची इंजिनं आली, बॉयलर आले, आणि उष्णता कोंडायला हाच धागा दोरीच्या, पट्ट्यांच्या रूपाने गुंडाळला गेला. १९०१मध्ये ऑस्ट्रियाच्या लुडविग हातशेकने ॲस्बेस्टॉस आणि सिमेंट यांचा पाणीदार लगदा कागदाच्या गिरणीतल्यासारख्या यंत्रावर थरांनी चढवून त्याचे पत्रे करण्याचं पेटंट घेतलं. भारतात मध्य प्रदेशातल्या कैमूरला १९३४मध्ये असा कारखाना निघाला, मग मुंबईत मुलुंडला. तिथून निघालेली वाट तुमच्या गोठ्यापर्यंत आली आहे. दहा फुटी पत्रा ४० किलोच्या आसपास भरतो. त्यात धाग्याचा वाटा शेकडा ८ ते १०. म्हणजे एका पत्र्यात तीन-चार किलो दगडी सूत.

शाळेतली प्रयोगशाळा आठवते? स्पिरिटचा दिवा, तिपाई, तिपाईवर तारेची जाळी आणि जाळीच्या मधोमध पांढरा गोल. चंचुपात्र त्या गोलावर ठेवायचं. तो गोल झिजून त्याचे पापुद्रे निघायचे आणि पोरं नखाने खरवडून काढायची. तोही हाच. गॅरेजमध्ये चाकाचा ड्रम उघडला की कंप्रेसरच्या नळीने फुर्रकन उडवतात ती करडी भुकटी? जुन्या लायनरमध्ये हाच. आता डब्यावर ‘ॲस्बेस्टॉस-मुक्त’ असं छापलेले लायनर येऊ लागले आहेत, ही चांगली गोष्ट.

आता श्वासाकडे या. तो मुद्दाम खोल घ्यायचा नाही, रोखायचा नाही. चालला आहे तसा चालू द्या आणि नुसतं त्याच्याबरोबर आत जा. नाकाच्या केसांपाशी मोठी धूळ अडते. घशात, श्वासनळीत ओलसर अस्तर आहे, तिथे उरलेली बरीचशी चिकटते आणि खाकरून बाहेर पडते. हळदीच्या हंगामात पॉलिशच्या ड्रमपाशी उभं राहिलात की रुमालावर पिवळं येतं, दोन दिवस थुंकी पिवळी येते. ते शरीर आपलं काम चोख करतं आहे याचंच चिन्ह. पुढे नळ्या अरुंद होत जातात, एकीच्या दोन, दोनाच्या चार, आणि शेवटी वायुकोश येतात, प्रत्येक माणसात तीस ते पन्नास कोटी. इतक्या खोलवर हळदीचा जाड कण सहसा पोचत नाही. लांब पण बारीक धागा पोचतो. तो हवेच्या प्रवाहात उभा राहून, तिच्या दिशेने तोंड करून जातो, म्हणून लांब असूनही अडत नाही.

इथे थांबा. सावकाश. दिवसाला वीसेक हजार श्वास असे येतात-जातात, त्यातला हा एक.

वायुकोशात रखवालदार पेशी असतात. आत आलेलं काहीही गिळायचं, विरघळवायचं, हे त्यांचं काम. पेशी साधारण वीस मायक्रॉनची. धागा तिच्याहून लांब निघाला तर ती त्याच्या एका टोकाला भिडते, गिळायला बघते, पण पुरी पडत नाही. अर्धवट गिळलेल्या अवस्थेत तिच्यातली पाचक द्रव्यं आजूबाजूला सांडतात, आणि ती मरते. मग दुसरी येते. पुन्हा तेच. काही धाग्यांभोवती शरीर लोहयुक्त प्रथिनाचा लेप चढवतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते सोनेरी-तपकिरी मणी ओवलेल्या काडीगत दिसतात. जिथे हे चालतं तिथली जागा हळूहळू कडक होते, व्रण धरते. फुप्फुसभर तसं झालं की त्याला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. माणूस आधी जिना चढताना थांबतो, मग अंगण ओलांडताना, मग बोलताना.

पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची बाजू घेणारे सांगतात की निळं, तपकिरी ॲस्बेस्टॉस अंगात दशकानुदशकं राहतं, पांढरं मात्र त्या मानाने लवकर तुटून निघून जातं. ते खोटं नाही. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पांढऱ्यासह सगळे प्रकार माणसाला निश्चित कर्करोग देणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहेत: फुप्फुसाचा, स्वरयंत्राचा, बीजांडकोशाचा, आणि मेसोथेलिओमा. बिडी ओढणाऱ्याने तर हे दोनदा वाचावं. अमेरिकेत कामगारांवर झालेल्या जुन्या अभ्यासात ॲस्बेस्टॉसने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे पाचपट, धूम्रपानाने दहापट, आणि दोन्ही एकत्र आल्यावर पन्नासपटीच्या आसपास आढळला होता. इथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

आता काळाकडे. धागा आज आत गेला तर आजार कधी? ॲस्बेस्टॉसिसला दहा-वीस वर्षं लागतात, मेसोथेलिओमाला वीस, तीस, चाळीस. हा आकडा नुसता वाचून सोडू नका, तुमच्या आयुष्यावर ठेवून बघा. १ मे १९९९ला हिंगोली जिल्हा झाला. नवी कचेरी, नवी दुकानं, जागोजागी शेडं उभी राहिली. त्या वर्षी ज्याने विशीत पत्रे कापले त्याचं काय झालं ते पुरतं २०३०च्या पुढेच कळायचं. आणि त्याच १९९९मध्ये ब्रिटनने पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. युरोपीय संघाने २००५मध्ये, कॅनडाने २०१८मध्ये. ॲस्बेस्टॉस याच नावाचं कॅनडातलं खाणीचं गाव २०२०मध्ये नाव बदलून मोकळं झालं. आपल्याकडे बंदी नाही.

इतका काळ मध्ये गेला की कारण आणि परिणाम यांची ओळख राहत नाही. इंग्लंडात रॉचडेलच्या कापडगिरणीत ॲस्बेस्टॉस कातणारी नेली केरशॉ १९२४मध्ये ३३ वर्षांची असताना वारली, तिच्या फुप्फुसांची तपासणी करून डॉक्टर कुक यांनी वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, म्हणून या आजाराला ओळख मिळाली. दक्षिण आफ्रिकेच्या निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्यातून १९६०मध्ये मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदले गेले. त्यांतले काही खाणीत कधी कामालाच नव्हते, नुसते त्या गावांत राहिले होते. १९६५मध्ये लंडनच्या न्यूहाउस आणि थॉम्पसन या संशोधकांनी दाखवलं की कामगारांच्या घरातल्या बायाही आजारी पडल्या, नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धुणाऱ्या. हे वाक्य हळू वाचा. कपडे झटकणं हे काही कुणी धोक्याचं काम म्हणून करत नाही.

मुंबईतली गोष्ट जवळची आहे. तिथल्या एका ॲस्बेस्टॉस गिरणीतल्या १८१ कामगारांची डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी तपासणी केली आणि २००५मध्ये निष्कर्ष छापले: शेकडा २२ जणांना ॲस्बेस्टॉसिस. अशा कामगारांच्या आजाराला डॉक्टर टीबी किंवा जुनाट खोकला ठरवून मोकळे होतात, हेही त्यांनी लिहिलं. मुंबईत संघटना होती, छातीचे तज्ज्ञ होते, तरी ही गत. सेनगावच्या एखाद्या म्हाताऱ्याला धाप लागली तर घरचे ‘दमा आहे’ म्हणतात, आणि दवाखान्यात एक साधा प्रश्न राहून जातो: उमेदीत काम काय केलं? रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७००मध्ये पुस्तक लिहून सांगितलं होतं की रोग्याला हा प्रश्न विचारत जा. तुमच्या घरात कुणाला अशी धाप असेल तर डॉक्टरने विचारायची वाट बघू नका, आपणहून सांगा: पत्र्याचं काम केलं, गॅरेजात होतो, कारखान्यात बॉयलरपाशी होतो.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ला कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ॲस्बेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, जे नंतर येईल तोपर्यंत, ठेवावी, विमा उतरवावा, आजार सिद्ध झालेल्याला एक लाख रुपये द्यावेत, असा आदेश दिला. आजाराला चाळीस वर्षं लागतात हे न्यायालयाने नीट ओळखलं होतं. पण नोंद कारखान्यातल्याची. रोजाने येणाऱ्या पत्रेवाल्याची हजेरी संध्याकाळी पैसे दिले की संपते.

पुन्हा वर बघा. पत्रा तसाच आहे. आता घाबरायचं का? नाही. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे घाई नको. धडधाकट, न फुटलेल्या पत्र्यात धागा सिमेंटने घट्ट धरलेला असतो. त्याच्याखाली झोपलात, जेवलात, पोरं खेळली, तर लगेच काही होत नाही. तीस-चाळीस वर्षांत ऊन-पावसाने वरचं सिमेंट झिजतं, धागे उघडे पडतात, थोडे पाण्याबरोबर पन्हाळीतून खाली येतात आणि गाळात साचतात. म्हणून तो गाळ वाळल्यावर खराट्याने उडवू नये, ओला असतानाच काढावा. पण खरा धोका पत्रा नुसता वर असण्यात नाही. तो माणसाच्या हातून होणाऱ्या एका कृतीत आहे. ती कृती आता डोळ्यांपुढे आणा.

नवं शेड उभं राहतंय. कोपऱ्यावरचा पत्रा फूटभर जास्त आहे. मिस्त्री तो जमिनीवर आडवा टाकतो, पेन्सिलीची रेघ मारतो, एका गुडघ्याने दाबून धरतो आणि कटर चालू करतो. चाक पत्र्याला टेकतं तसा पांढरा लोट उठतो, मिस्त्रीच्या तोंडावर, छातीवर, पापण्यांवर बसतो. तोंडाला उपरणं गुंडाळलेलं आहे. उपरणं हळदीला पुरतं, गव्हाच्या मळणीला पुरतं. या धाग्याला त्याच्या विणीतून वाट मोकळी असते. मिनिटभरात काम होतं. लोट विरतो आणि सगळ्यांना वाटतं धूळ खाली बसली. जाड धूळ बसली. बारीक धागे तासन्‌तास हवेत तरंगत राहतात, शेडच्या सावलीत बसून सगळे चहा घेतात तेव्हाही. मग घरची बाई कोरड्या झाडूने जागा झाडते. संध्याकाळी मिस्त्री घरी जातो, शर्ट खुंटीला लावतो, त्याची बायको तो धुण्याआधी झटकते.

कोण कुठे उभं होतं ते बघा. कापणारा, पत्रा धरणारा पोरगा, झाडणारी, कपडे धुणारी. घरमालक तेव्हा बहुधा बाजारात खिळे आणायला गेलेला असतो.

हीच कृती पाणी ओतत केली तर चित्र बदलतं. रेघेवर पाणी धरलं, कटरऐवजी हाताची आरी घेतली, तर लोट उठत नाही, ओला रबडा पडतो. रबडा फडक्याने गोळा करून ओलाच पिशवीत घालायचा. भोक पाडायचं तर हाताच्या ड्रिलने, तेही ओलं ठेवून. तोंडाला उपरण्याऐवजी चांगला घट्ट बसणारा मास्क, निदान एन-९५. कपडे झटकायचे नाहीत, थेट पाण्यात बुडवायचे. शेवाळ धरलेला जुना पत्रा तारेच्या ब्रशने घासायचा नाही. त्याच्यावर चढायचंही नाही, तो वजन पेलत नाही आणि माणूस आरपार खाली येतो. चढणं भागच असेल तर अँगलवर फळी टाकून. आणि नवं बांधत असाल तर हा पत्रा विकत घेऊच नका. टीन घ्या, खाली चटईचं छत करा. खर्च थोडा वाढेल.

मग गारपीट. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी झाली ती ज्यांच्या शेतावर पडली ते विसरले नसतील. गारेने पत्र्याला भोक पडतं, कधी अख्खा पत्रा दोन तुकडे होऊन आत येतो. दुसऱ्या दिवशी त्या तुकड्यांचं काय होतं ते आठवा. गटारीवर झाकण. कोंबड्यांचा आडोसा. न्हाणीची भिंत. उरलेले रस्त्याच्या खड्ड्यात, आणि मग त्यावरून ट्रॅक्टर. आपल्याकडे काही वाया घालवत नाहीत, एरवी हा गुणच. पण ट्रॅक्टरच्या चाकाखाली पत्रा दळला जातो आणि रस्ता वर्षभर तो थोडा थोडा हवेत सोडत राहतो. फुटके तुकडे पाणी मारून ओले करावेत, न तोडता उचलावेत, जाड प्लास्टिकात गुंडाळावेत आणि विहिरीपासून दूर, जिथे पुढे कुणी खणणार नाही अशा जागी खोल पुरून त्यावर माती टाकावी. जाळू तर नयेच. आगीत हा पत्रा तडतडत फुटतो. हे काम खरं तर ग्रामपंचायतीने एका ठरलेल्या खड्ड्यात करायला हवं, पुढच्या ग्रामसभेत कुणीतरी हा विषय काढायला हरकत नाही.

ऊन उतरायला लागलं असेल. उठण्याआधी तुमच्या गावातला पत्र्याचं काम करणारा कोण, त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणा. तो तुमच्या ओळखीचा आहे, त्याच्या बापालाही तुम्ही ओळखत असाल. पुढच्या वेळी तो कामाला आला आणि कटरची वायर बोर्डाकडे न्यायला लागला की बाजारात जाऊ नका. सरळ म्हणा, “मिस्त्री, कटर राहू द्या. आरी घ्या, पाणी मी टाकतो.” तो हसेल, इतकी वर्षं कापतोय, मला काय झालं, म्हणेल. वाद घालत बसू नका. कळशी उचला आणि त्याने मारलेल्या रेघेवर धार धरा.